नाखवा सुलुबूचे डोळे

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी दोन मचव्यांची तपासणी. एकाच्या तळाच्या फळीत बोटभर भेग होती, परवानगी नाकारली. मालक चिडला. मी भेगेत पट्टी घालून त्याला आकडा दाखवला, तेव्हा तो आकड्यावर चिडला.

दुपारी अथमान मास्तर बंदर कचेरीत आले. त्यांनी मला आणि सोमोएला एकाच बाकावर बसवून गणित शिकवलं होतं. आता ते दर वर्षी आमच्या लामू बेटावर चित्रपट स्पर्धा भरवतात.

"तिसरा परीक्षक हवाय," ते म्हणाले. "मी आहे, बी ताऊसी आहे. पण यंदा एक चित्रपट समुद्रावरचा आहे. मला होडीत बसलं की ओकारी येते आणि बी ताऊसीला लग्नातल्या गाण्यांपलीकडे काही कळत नाही. तू बस."

"कोणाचा चित्रपट?"

"सोमोएचा. नाखवा सुलुबू."

मी सांगितलं की त्यात माझे वडील आहेत, म्हणून मी बसणं योग्य नाही. मास्तर हसले. "या बेटावर नात्यातला नसलेला परीक्षक हवा असेल तर तो विमानाने आणावा लागेल. आणि त्याला सुकाणू कुठे असतं ते दाखवायला पुन्हा तूच जाशील."

हो म्हटलं.

बाबा चित्रपटात आहेत हे मला बाबांकडून कळलं नाही, पोस्टातल्या कारकुनाकडून कळलं. सोमोए दार-एस-सलामहून कॅमेरा शिकून आली आणि बाबांच्या 'तवक्कल' गलबतावर चाळीस दिवस राहिली. बाबाच सुलुबू झाले. मी अकरा वर्षांची असताना एकदा बाबांना म्हटलं होतं, मला गलबतावर न्या. "पुढच्या मोसमात," ते म्हणाले होते. त्याला सतरा मोसम झाले. मधल्या काळात मी मोंबासाला जाऊन जहाजबांधणीची पदवी घेतली.

बाबांचा नाखव्याचा परवाना ३१ जानेवारीला संपतो. नूतनीकरण माझ्याच टेबलावर होतं. नियमाप्रमाणे मीच डोळे तपासायचे, नकाशा वाचून घ्यायचा. दोनदा निरोप पाठवला, ते आले नाहीत. परवान्याशिवाय तवक्कल खुंटावरून हलू शकत नाही, हे त्यांना माहीत आहे. सोमोएला चाळीस दिवस होते. मला अर्धा तास नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

कचेरीतून थेट बाबांकडे गेले. आई गेल्यापासून ते एकटे राहतात आणि संध्याकाळी दाराशेजारच्या दगडी कट्ट्यावर बसतात. मी समोर उभी राहिले. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. ते गल्लीकडे तोंड करून बसून राहिले.

"बाबा."

"कोण? बातुली? केव्हा आलीस?"

मला राग आला, पण मी तो दाखवला नाही. परवान्याचं विचारलं. "येईन, येईन," ते म्हणाले. "घाई काय आहे? समुद्र कुठे जातोय?" बोलताना त्यांची नजर माझ्या कानाजवळून मागच्या भिंतीवर. लहानपणी मार्क सांगायचे तेव्हाही ते असेच जाळ्याची गाठ बघत बसायचे.

तेवढ्यात त्यांनी मान वळवली आणि हसले. "आली बघ लेक."

गल्ली रिकामी होती. एक गाढव आणि त्याच्या पाठीवर वाळूच्या गोण्या, बस. मग वळणामागून सोमोए आली. ढिल्या चपला फटक फटक वाजवत, हातात तिच्या वडिलांच्या दुकानातला हलवा. वळणापासून कट्ट्यापर्यंत चौदा पावलं आहेत. ती दिसण्याआधीच त्यांनी ओळखलं. मी हातभर अंतरावर होते तेव्हा विचारलं, कोण.

सोमोएने हलव्याचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला, त्यांची बोटं मिटली. लहान बाळाला भरवतात तसं. मला हे नाटकी वाटलं.

"बस ना, बातुली," ती म्हणाली.

"काम आहे."

काम नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

शाळेच्या सभागृहात खिडक्यांना गोणपाट लावून तिन्ही चित्रपट पाहिले. पहिला गाढवांच्या शर्यतीवर, लोक खूप हसले. दुसरा एका लग्नावर, लांब. तिसरा सोमोएचा.

गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. भोवऱ्यातल्या जिनांनी नऊ खलाशी धरून ठेवले. नाखवा सुलुबू त्यांना सोडवायला एकटा निघाला. पहिल्या बेटावरच्या जिनाने माल मागितला, त्याने दिला. दुसऱ्याने दाढी मागितली, तीही दिली. तिसऱ्याने डोळे मागितले. ते देऊन त्याने खलाशी सोडवले आणि गालावरचा वारा ओळखत गलबत घरी आणलं. गोष्ट ठरलेली असली की दिग्दर्शकाला लपायला जागा उरत नाही. पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून लोक फक्त कसं होतं ते बघतात.

कसं होतं ते लिहिते. गलबत चोख आहे. वारा बदलताना शिडाची तिरकी काठी डोलकाठीच्या पुढून फिरवतात ते दृश्य एका दमात घेतलंय, मध्ये कुठे कापलेलं नाही, आणि दोर ज्या क्रमाने सोडायचे त्याच क्रमाने सोडलेत. पाणी गलबताच्या कुशीवर आपटतं तो आवाज खरा आहे. दाढीच्या प्रसंगाला मागच्या रांगेतल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. शेवटी आंधळा सुलुबू किनाऱ्याच्या चिखलाचा वास घेऊन म्हणतो, "घर आलं," तेव्हा सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही.

मला हे सगळं आवडलं नाही. का, ते शोधत होते आणि सापडलं. चूक मोठी आहे. सुलुबू डोळे देतो तिसऱ्या बेटावर, पण बाबा पहिल्या दृश्यापासूनच आंधळ्यासारखे वागतात. बायको कॉफीचा पेला ठेवते तर चटईवरून बोटं सरकवत तो शोधतात. सुकाणूवर बसल्यावर शिडाच्या कडेकडे एकदाही बघत नाहीत. कोणताही नाखवा ती कड सोडून दुसरीकडे बघत नाही. डोळे देण्याआधी आणि दिल्यानंतर काडीचाही फरक नाही. म्हणजे गोष्टीचा कणाच मोडला.

इतकी ढोबळ चूक सोमोएच्या नजरेतून सुटली, याचं मला समाधान वाटलं. ते इथे लिहून ठेवते, कारण ही वही कोणी वाचत नाही.

२० जानेवारी, सोमवार

मास्तरांच्या ओसरीवर बैठक. काळी कॉफी, खजूर.

बी ताऊसी रेडिओवर लग्नाची गाणी म्हणतात आणि बोलतानाही गातात. "तुझ्या बापाने, शेबवानाने, आंधळा काय केलाय गं. माझी आत्या शेवटी आंधळी झाली होती, अगदी तशी मान. कुठे शिकला म्हातारा?"

मी माझा आक्षेप मांडला. पेला, शिडाची कड. अभिनयाला दहापैकी दोन.

"दोन?" मास्तर म्हणाले. "बापाला?"

"परीक्षक म्हणून बोलावलंत."

"ही लहानपणापासून अशीच," मास्तर बी ताऊसींना म्हणाले. "एकदा माझ्याच उत्तरातली चूक काढली होती. बरोबर होती, म्हणून जास्त लागली."

मास्तरांचा कौल गाढवांना, बी ताऊसींचा सोमोएला. माझ्या मतावर ठरणार. जिंकलेला चित्रपट इथून सगळ्या बेटांवर, पुढे मोंबासाला आणि झांझिबारला दाखवतात, आणि ते झालं तरच सोमोएला पुढचा चित्रपट करायला मिळेल. मास्तर म्हणाले, इतका मोठा आक्षेप असेल तर लेखी दे, कारणांसकट. तो पडद्याशेजारी लावू, लोकांनाही कळेल का हरला. मी गुरुवारी पुन्हा पाहून लिहिते म्हटलं.

कचेरीत तवक्कलची नोंदवही काढली. मागच्या रमजानपासून एकही उतारू नाही, फक्त खारफुटीचे वासे. उतारूंचं उत्पन्न सोडून म्हाताऱ्याला चित्रपटाचं वेड लागलं.

२१ जानेवारी, मंगळवार

धक्क्यावर भरतीची खूण तपासत होते. मागून चपला.

"परीक्षक बाईंशी बोललेलं चालतं का?" सोमोए.

"नियमात तसं काही नाही."

"चालतं असं नाही, की चालत नाही असं नाही?"

मी पट्टी पुसत राहिले. ती कठड्यावर बसली. मास्तरांच्या बायकोने तिला सगळं सांगितलं होतं. या बेटावर बैठक बंद दाराआड होते, पण दाराला फटी फार.

"दोन दिलेस म्हणे."

"पहिल्याच दृश्यात ते पेला चाचपडतात. तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग पुन्हा का नाही घेतलं?"

"अकरा वेळा घेतलं."

"अकरा वेळा घेऊनही जमत नसेल तर दुसरा माणूस बघायचा."

सोमोए गप्प बसली की मला वाटतं तिच्याकडे पत्ता आहे आणि ती तो टाकत नाही.

"मी आधी तुला विचारलं होतं," शेवटी म्हणाली. "समुद्राचं कळणारं कोणीतरी सोबत हवं होतं. तीन निरोप पाठवले."

"कामात होते."

"म्हणून त्यांच्याकडे गेले. मला वाटलं ते हाकलून देतील. त्यांनी विचारलं, बातुली येणार आहे का?"

हे ती मला लागावं म्हणून सांगत होती. मी भरतीचा आकडा लिहिला.

"त्यांच्याबरोबर शेवटचं कधी जेवलीस?"

"हा चित्रपटाचा प्रश्न नाही."

"नाही," ती म्हणाली आणि उठली. "तू सगळं मोजतेस ना. हेही नीट मोज."

तीन निरोप खरे आहेत. अजून फोनमध्ये आहेत. मी तिन्ही ज्या त्या दिवशी वाचले होते.

२३ जानेवारी, गुरुवार

मास्तरांच्या संगणकावर एकटीने पुन्हा पाहिला. थांबवत, मागे नेत, वेळ लिहीत.

मिनिट २ : पेला.
मिनिट ५ : दारातून बाहेर येताना चौकटीला हात.
मिनिट ९ : खलाशी दोर पुढे करतो. तळहाताला लागल्यावर बोटं मिटतात, आधी नाही.
मिनिट १४ : गलबतावर चढताना पाय दोनदा फळी शोधतो.
मिनिट १७ : 'तिकडे बघ' म्हणून खलाशी बोट दाखवतो. बाबा आवाजाकडे बघतात, बोटाकडे नाही.
मिनिट २२ : काठी फिरवताना सगळे वर बघतात. बाबा वर बघत नाहीत, डावा गाल वाऱ्याला देतात.
मिनिट २६ : सोमोएचा आवाज कॅमेऱ्यामागून, चुकून राहिलेला. हळू. "उजवीकडे, बाबा."

सातव्यानंतर काही लिहिलं नाही. चित्रपट चालू होता.

वळणामागून वाजणाऱ्या चपला, तळहातावरचा हलवा, नोंदवहीतले उतारू. माझे कचेरीतले बूट रबरी तळाचे आहेत. तेलकट फळ्यांवर घसरू नयेत म्हणून. त्यांचा आवाज होत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुपारच्या नमाजानंतर गेले. नारळाच्या दुधातला मासा नेला होता. आम्ही जेवलो. माशाचे काटे ते बोटांनी काढतात, पूर्वीपासून. त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही.

जेवण झाल्यावर पिशवीतून कागद काढून त्यांच्या हातात दिला. "परवान्याचा फॉर्म. एकदा वाचून घ्या."

त्यांनी तो हातभर लांब धरला, खिडकीकडे वळवला. वाचायला लागतो तेवढा वेळ घेतला. "सगळं बरोबर आहे. सही कुठे करू?"

"बाबा, कोरा कागद आहे."

बाहेर कोणीतरी गाढवाला शिव्या देत होतं. त्यांनी कागदाची नीट चौपदरी घडी केली.

"हे शाळेत शिकवतात?"

"नाही."

"चांगलं केलंस. मीही असंच केलं असतं."

मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू. चुलतभावाच्या लग्नाला म्हणून मोंबासाला गेले होते, तेव्हा डॉक्टरला दाखवलं. गेलेली नजर परत येत नाही. उजेड कळतो, समोर माणूस आहे की खांब एवढं कळतं. रमजानपासून उतारू घेणं बंद केलं. फक्त वासे, आणि पुढे नाळेवर काहालू उभा राहून ओरडून सांगतो. काहालू तीस वर्षं त्यांच्यासोबत आहे.

"म्हणजे काहालूला माहीत आहे. सोमोएला माहीत आहे."

"सोमोएला मी सांगितलं नाही. तिने पाहिलं. तिच्याकडे कॅमेरा होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्याकडे शिक्का आहे."

मी भांडी उचलली. धुतली. तीनच होती, बराच वेळ धुतली. परत आले तेव्हा ते तसेच बसले होते.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" त्यांनी विचारलं.

"परवाना रद्द केला असता."

"आणि आता?"

"तेच."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते रागावतील. "तिच्यासमोर चाचपडलो तर ती म्हणायची, चालेल, पुन्हा घेऊ. तुझ्यासमोर चाचपडायचं म्हणजे..." मी पिशवी उचलली.

निघताना म्हणाले, "तुझा चित्रपटाला आक्षेप आहे म्हणे. म्हातारा आधीपासूनच आंधळा दिसतो."

"कोणी सांगितलं?"

"गल्लीने." मग थोडं हसले. "अख्ख्या बेटात तुलाच दिसलं. बाकीच्यांना वाटलं मी नट आहे."

२६ जानेवारी, रविवार

बैठक. माझ्याकडे लेखी आक्षेपाचं कोरं पान होतं. लिहिला असता आणि पडद्याशेजारी लागला असता, तर मिनिटांसकट सगळ्या बंदराला वाचता आलं असतं.

"आक्षेप मागे घेते," मी म्हणाले. "अभिनयाला नऊ."

मास्तरांनी चष्मा काढला. "दोनाचे नऊ? गणितात हे कुठे बसतं?"

"निरीक्षण बरोबर होतं. निष्कर्ष चुकला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नऊ."

बी ताऊसी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांची आत्या आंधळी होती. त्यांनी खजुराचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि मास्तरांना म्हणाल्या, "लिहा की नऊ. एवढे प्रश्न तुम्ही तुमच्या बायकोला विचारता का कधी?"

सोमोए जिंकली. दारात भेटली, मी अभिनंदन केलं. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. तिला मिठी मारायची होती, मी पिशवी पुढे धरली. मला अजूनही तिचा हेवा वाटतो. मला वाटलं होतं सगळं कळल्यावर कमी होईल. उलट आता त्याला नेमकं ठिकाण मिळालंय: तिने पाहिलं आणि चाळीस दिवस तोंडातून शब्द काढला नाही. मला पहिल्याच दिवशी दिसलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी पत्र टाइप केलं असतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

परवाना सूर्यास्तापर्यंत वैध होता. बाबांनी सकाळी काहालूकरवी निरोप पाठवला: मोसम आला, म्हणावं.

रजा टाकली. पाच वर्षांतली पहिली.

उत्तरेचा वारा, भरती चढती. मी तवक्कल बाहेरून तीन वेळा मोजलंय, आतून कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी मला सुकाणूवर बसवलं आणि स्वतः माझ्या डाव्या बाजूला, गाल वाऱ्याला.

"शिडाची कड बघ. थरथरतेय?"

"नाही."

"खोटं. तू कडेकडे बघत नाहीस, माझ्याकडे बघतेस."

काहालू पुढून हसला. मी कडेकडे बघितलं. थरथरत होती.

खारफुटीजवळ ते म्हणाले, "आता डावीकडे उथळ, वास येतोय." मी पाहिलं, डावीकडे पाणी निळंच होतं. उथळ उजवीकडे होतं. तसं सांगितलं. त्यांनी दुसरा गाल वाऱ्याला दिला. "मग वारा फिरला असेल," म्हणाले. वारा फिरला नव्हता. त्यांनी स्वतःच दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि परतेपर्यंत दोराला लावले नाहीत.

वळवताना मी काठी वेळेवर सोडायला सांगितलं नाही. शीड फडफडलं, काहालूने शिवी गिळली.

"सोमोएला पण पहिल्यांदा असंच झालं होतं," बाबा म्हणाले. "दुसऱ्यांदा जमलं."

मला दुसऱ्यांदाही जमलं नाही. तिसऱ्यांदा जमलं.

सूर्यास्ताआधी कचेरीत आलो. मी फॉर्म वाचून दाखवला, सगळे रकाने. दृष्टी: अपात्र. त्यांचं बोट धरून सहीच्या रेघेवर ठेवलं. शिक्का मी मारला. त्या आवाजाने ते दचकले. मी दर दिवशी वीस वेळा तो मारते, एवढा मोठा वाजतो हे माहीत नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

काल नवा फॉर्म भरला. नाखव्याचा परवाना, नवीन अर्ज. गलबत: तवक्कल. अर्जदार: बातुली शेबवाना. शिकवणारा: शेबवाना. माझ्या अर्जावर माझी सही चालणार नाही, परीक्षेला मोंबासाहून अधिकारी यावा लागेल. शिडाची काठी फिरवणं तीनदा सलग न चुकता करून दाखवायचं असतं. सध्या तिनातून एकदा जमतं.

आज बाजारातून लाकडी खडावा घेतल्या. त्या इथे बायका न्हाणीघरात घालतात, रस्त्यावर कोणी घालत नाही. घालून निघाले. दगडी गल्लीत ठाक ठाक आवाज, घरांच्या भिंती तो परत पाठवतात. हलव्याच्या दुकानात सोमोएचे वडील मापं सोडून बाहेर बघू लागले. दोन बायका एकमेकींच्या खांद्यात तोंड घालून हसल्या. कोणीतरी माडीवरून विचारलं, "बाई, घरातलं पाणी संपलं का?"

मी वेग कमी केला नाही.

वळणाच्या बऱ्याच अलीकडे होते. कट्टा दिसतही नव्हता. तिकडून आवाज आला, "बातुली, न्हाणीतून थेट आलीस का, पोरी?"

पुढची पावलं मोजत गेले. बावीस.

सोमोएची चौदा होती.